टीडीके डी-९०: जुनी कोरी कॅसेट आज विकत घ्यावी का?

टीडीकेच्या डी मालिकेतील नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट, वेष्टनही न फोडलेली, जुन्या मालाच्या विक्रेत्यांकडे अजूनही अधूनमधून मिळते, मात्र तिचा आजचा भाव मूळ किमतीच्या कित्येक पट असतो. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्या आणि टेपडेक चालू स्थितीत राखलेल्या माणसाने ही किंमत मोजावी, असे माझे मत आहे. केवळ कपाटात मांडण्यासाठी मात्र मोजू नये.

फिलिप्सने १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात कॉम्पॅक्ट कॅसेट मांडली, तेव्हा ती प्रामुख्याने बोलणे टिपून ठेवण्यासाठी होती. तिला संगीतायोग्य करण्यात ज्या फीत-उत्पादकांचा हात आहे, त्यांत १९३५ साली फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या उत्पादनासाठी टोकियोत स्थापन झालेल्या टीडीके या कंपनीचे स्थान वरचे आहे. डी ही या कंपनीची साधी, लोह-ऑक्साइडची फीत. याच कंपनीच्या महागड्या, क्रोम गटातल्या एसए फितीचा तार सप्तकाच्याही वरचा उजळपणा तिच्यात नाही आणि शांत जागी तिची सूक्ष्म खरखर कानाला जाणवते. परंतु आपल्याकडच्या बहुतेक टू-इन-वनमध्ये, म्हणजे रेडिओ आणि कॅसेट एकत्र असलेल्या यंत्रांत, क्रोम फितीसाठी वेगळी सोयच नसल्यामुळे, घरगुती ध्वनिमुद्रणाला हीच फीत योग्य होती. तानपुरा, हार्मोनियम आणि मानवी गळा यांना ती आजही पुरेसा न्याय देते.

तिचा खरा गुण तिच्या लांबीत आहे. सुमारे १३५ मीटर फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने धावते, म्हणजे प्रत्येक बाजूला ४५ मिनिटे आणि वर थोडी सवलत मिळते. एका रागातला विलंबित ख्याल आणि त्याला जोडून द्रुत बंदिश एवढ्या वेळात बहुधा बसते. लाँग-प्ले तबकडीच्या साधारण वीस-बावीस मिनिटांच्या बाजूला ते कधी जमले नाही. खासगी मैफली टिपणारे रसिक नव्वदचीच कॅसेट मागत, ते याचसाठी. तबलजी पुन्हा सूर लावायला बसला की बाजू उलटून घ्यायची, हे कसब त्यांच्या अंगवळणी पडलेले असे, आणि तरीही गवई रंगात आला की ऐन तानेत बटण खटकन वर येई. त्यावर १२० मिनिटांची कॅसेट हा उपाय नव्हे: तिची फीत जेमतेम ९ मायक्रॉन जाडीची असते, ती यंत्रात सहज गुंतते, आणि एका वेटोळ्यावरचा आवाज शेजारच्या वेटोळ्यावर उमटण्याचा धोकाही तिच्यात अधिक असतो.

खरेदी करताना वेष्टन शाबूत असलेलीच कॅसेट घ्यावी. एका विक्रेत्याने मला ‘कोरी’ म्हणून दिलेली कॅसेट लावली, तेव्हा ती कुणाच्या तरी लग्नातल्या मंगलाष्टकांनी सुरू झाली. वधूवरांना शुभेच्छा देण्यापलीकडे माझ्या हाती काही उरले नाही. टीडीकेने २००७ मध्ये हा व्यवसाय इमेशन या अमेरिकी कंपनीला विकल्यामुळे त्यानंतरच्या मालावरही तेच नाव दिसते, तेव्हा वेष्टनावर उत्पादनाचे ठिकाण वाचून मगच पैसे द्यावेत. कोणत्याही जुन्या कॅसेटमध्ये फितीमागच्या लहानशा फेल्टच्या गादीचा गोंद सुटतो आणि आवाज दबका होतो, म्हणून वेष्टन काढल्यावर ती गादी सर्वप्रथम पाहावी. ध्वनिमुद्रण झाल्यावर मागच्या कडेचा प्लॅस्टिकचा चौकोन मोडायला विसरू नये, म्हणजे ते चुकून पुसले जात नाही. पुढेमागे पुसून पुन्हा वापरायची झाली, तर त्या खाचेवर चिकटपट्टी लावली की काम भागते.

व्हिडिओच्या कोऱ्या कॅसेटींबद्दल मात्र मी हा सल्ला देणार नाही. ई-१८० ही तीन तासांची व्हीएचएस कॅसेट पाहून दूरदर्शनवरून टिपलेली नाटके आठवतात, हे मान्य; पण जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआरचे, म्हणजे व्हिडिओ कॅसेट चालवणाऱ्या यंत्राचे, उत्पादन थांबवल्यापासून नवे यंत्र मिळत नाही, आणि आपल्या पावसाळी दमट हवेत त्या रुंद फितीवर पांढरी बुरशी फार लवकर धरते. तेवढे पैसे घरातल्या जुन्या व्हीएचएस कॅसेटींवरचे चित्रण संगणकावर उतरवून घेण्यासाठी राखून ठेवावेत.