गाऱ्हाणं की बोंडअळी? कॉलेज-बदलीच्या निबंधाचे दोन मसुदे

भाची यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातली, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. अमेरिकेतल्या विद्यापीठात बदली हवी म्हणून कॉमन अ‍ॅपसाठी (अनेक विद्यापीठांना अर्ज करायची ऑनलाइन सोय) दोन निबंध लिहून घेऊन आली.

पहिल्यात नुसतं गाऱ्हाणं. एसटी येत नाही, प्रयोगशाळेला कुलूप, सर रजेवर. खोटं काहीच नाही, पण वाचणाऱ्याला कॉलेज कळतं, पोरगी कळत नाही.

दुसऱ्यात ती पहाटे कपाशीत उभी आहे, हातात कामगंध सापळा, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारा. अडकलेले गुलाबी बोंडअळीचे, म्हणजे कपाशीची बोंडं पोखरणाऱ्या अळीचे, पतंग मोजते आणि वहीत मांडते. सलग 3 रात्री, दर रात्री सापळ्यामागे 8 पतंग सापडले की उपाय करायची वेळ झाली, हे बाबांना तीच सांगते. मग अळीला मारणारं जनुक घातलेली बीटी कपाशी अळीला पचू कशी लागली, हा प्रश्न; त्यासाठी लागणारं जनुकशास्त्र इथे शिकायला मिळत नाही. कॉलेज सोडून ‘काहून जातं बाप्पा?’, याचं उत्तर आपोआप मिळतं.

मला दुसराच पटला, थोडा पसरट असला तरी. हाच निबंध तिला बाकीच्या विद्यापीठांनाही पाठवायचा आहे, म्हणून त्यातलं एका विद्यापीठाचं नाव काढायला लावलं. पहिल्यातलं कुलूप मात्र एका वाक्यात ठेवलं.