‘कन्सल्टेशन’ की ‘कॉन्करन्स’?

नाशिकमध्ये सीबीएस या मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयाच्या परिसरात कायद्याचे विद्यार्थी न्यायाधीशांच्या नियुक्तीविषयी इंग्रजीत बोलू लागले की ‘कन्सल्टेशन’ आणि ‘कॉन्करन्स’ हे शब्द अनेकदा एकमेकांच्या जागी वापरतात, आणि ही गल्लत मला मनापासून खटकते.

‘कन्सल्टेशन’ म्हणजे विचारविनिमय. मत विचारावेच लागते, पण ते स्वीकारण्याचे बंधन त्या शब्दात नाही. ‘कॉन्करन्स’ म्हणजे सहमती. ती नसेल तर नियुक्ती अडते.

सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या नियुक्तीविषयीच्या, राज्यघटनेच्या अनुच्छेद १२४ मध्ये पहिला शब्द आला. २४ मे १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सरन्यायाधीशांची सहमती आवश्यक करण्याची सूचना अमान्य केली, कारण तिच्यामुळे त्यांच्या हाती जवळजवळ नकाराधिकार गेला असता. १९८१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही हे दोन शब्द वेगळेच मानले. १९९३ मध्ये मात्र नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने बहुमताने सरन्यायाधीशांच्या मताला प्राधान्य दिले आणि त्या अनुच्छेदातला शब्द न बदलता पहिल्या शब्दाला दुसऱ्याचे वजन आले. मूळ घटनेत नसलेला ‘कॉलेजियम’ (नियुक्तीची शिफारस करणारा सरन्यायाधीश व ज्येष्ठ न्यायमूर्तींचा गट) हा शब्द चर्चेत रुळला तो त्यानंतरच.

म्हणून घटनेचा मजकूर सांगताना ‘कन्सल्टेशन’ म्हणावे आणि १९९३ नंतर न्यायालयाने त्याला दिलेला अर्थ सांगताना ‘कॉन्करन्स’. माझ्या मते विद्यार्थ्याने आधी पहिला शब्द पक्का करावा, कारण जिल्हा न्यायाधीशांच्या नियुक्तीसाठी अनुच्छेद २३३ मध्येही राज्यपालांनी उच्च न्यायालयाशी ‘कन्सल्टेशन’ करण्याचीच तरतूद आहे.