कॅलिफोर्नियातल्या शाळांचं प्रगतिपुस्तक: 'सार्क' आणि 'डॅशबोर्ड' कितपत कामाचे?

कॅलिफोर्नियातल्या प्रत्येक सरकारी शाळेला दरवर्षी 1 फेब्रुवारीपर्यंत स्वतःचं प्रगतिपुस्तक जाहीर करावं लागतं. त्याचं नाव 'स्कूल अकाउंटेबिलिटी रिपोर्ट कार्ड', बोलताना 'सार्क' (दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेशी संबंध नाही). 1988मध्ये मतदारांनी थेट मतदानाने मंजूर केलेल्या 'प्रस्ताव 98'मधून ते आलं. 2017पासून राज्याचा रंगीत 'डॅशबोर्ड'ही आहे, म्हणजे शाळेची कामगिरी रंगांत दाखवणारा तक्ता. दोन्ही ऑनलाइन आणि मोफत. इथे तपासायचंय ते एवढंच, की डिस्ट्रिक्टला (त्या भागातल्या शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेला) यांच्या जोरावर लोकांचा पाठिंबा मिळवता येतो का. येतो, पण राज्याने दिलेला साचा भरून तसाच चढवला तर नाही.

सार्कची खरी ताकद त्याच्या सगळ्यात रूक्ष पानांत आहे. इमारतीची स्थिती, पाठ्यपुस्तकं पुरेशी आहेत का, शिक्षकांची पात्रता, दर विद्यार्थ्यामागे खर्च. छत, वीज, स्वच्छतागृहं यांना वेगवेगळा शेरा मिळतो. डिस्ट्रिक्टला इमारतींसाठी रोखे काढायचे असतील, म्हणजे मतदारांच्या मंजुरीने कर्ज उभारायचं असेल, तर हे पान शेवटी लपवू नये, पहिलं ठेवावं. 2000च्या प्रस्ताव 39नुसार अशा रोख्यांना 55 टक्के मतं पुरतात, मात्र नागरिकांची देखरेख समिती आणि दरवर्षी लेखापरीक्षण बंधनकारक असतं. मागच्या रोख्यांचा पैसा कुठल्या छतावर गेला आणि त्या छताचा शेरा बदलला का, हे एका ओळीत दाखवता आलं तर रंगीत पत्रकाची गरज उरत नाही. दोष असा की शब्दांत भरायच्या जागी बऱ्याचदा गेल्या वर्षीचाच परिच्छेद चिकटवलेला सापडतो. शिवाय बरेचसे आकडे मागच्या शालेय वर्षाचे. 'सध्या काय चाललंय' अशी टीप डिस्ट्रिक्टने स्वतः जोडायला हवी.

डॅशबोर्ड दिसायला सोपा, समजायला फसवा. लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा असे पाच रंग. रंग ठरतो दोन गोष्टींवरून: यंदाची पातळी आणि गेल्या वर्षीपासून झालेला बदल. दोन्हींच्या पाच-पाच पायऱ्या, म्हणजे पंचवीस चौकोनांचा तक्ता. त्यामुळे बऱ्यापैकी गुण असलेली पण घसरलेली शाळा खालच्या रंगात जाऊ शकते, आणि पालकांना वाटतं शाळा एकाएकी बुडाली. हा तक्ता रंगाशेजारी छापून शाळा कुठल्या चौकोनात आहे तिथे खूण करावी.

'मानकापासून 45 गुण खाली' हे वाक्य तर हमखास टक्के समजून वाचलं जातं. ते टक्के नाहीत, चाचणीच्या मोजपट्टीवरचं सरासरी अंतर आहे. गट लहान असला की आणखी गोंधळ: रंग मिळायला साधारण 30 विद्यार्थी लागतात, आणि 30मधला एक मुलगा इकडचा तिकडे झाला तरी प्रमाण 3.3 टक्क्यांनी हलतं. अशा गटाच्या बदलावर मथळा करू नये. दीर्घ गैरहजेरीचा आकडा लोकांना लगेच कळतो: 10 टक्के किंवा जास्त दिवस बुडवणं, म्हणजे 180 दिवसांत 18. चर्चा इथून सुरू करणं सोयीचं.

आमच्या मते सार्कला पाचपैकी तीन, डॅशबोर्डला साडेतीन. उरलेले गुण डिस्ट्रिक्टला एका पानाच्या गोषवाऱ्याने मिळवता येतात. त्यात चार आकडे पुरे, त्यातला सगळ्यात वाईट आधी. प्रत्येकाखाली कारण, उपाय आणि त्या उपायाला लागणारा खर्च. ही रक्कम 1 जुलैपर्यंत मंजूर होणाऱ्या एलसीएपी आराखड्यात (डिस्ट्रिक्टची उद्दिष्टं आणि खर्च मांडणाऱ्या 'लोकल कंट्रोल अँड अकाउंटेबिलिटी प्लॅन'मध्ये) कुठल्या पानावर आहे तेही लिहावं. नाहीतर बैठकीत पहिला प्रश्न तोच येतो. शाळेत 15 टक्के किंवा अधिक मुलांची मातृभाषा एकच आणि इंग्रजीखेरीज असेल तर पालकांना जाणारी पत्रकं त्या भाषेतही द्यावीच लागतात. मग गोषवाराही त्याच वेळी भाषांतराला पाठवावा, महिनाभराने नव्हे.

एक कुंपण मात्र पक्कं आहे. सार्वजनिक पैशातून मतदारांना माहिती देता येते, प्रचार करता येत नाही. 1976च्या 'स्टॅन्सन विरुद्ध मॉट' निकालापासून न्यायालयाची भूमिका तीच आहे. गोषवाऱ्यात छताचा शेरा, दुरुस्तीचा अंदाज, करावरचा परिणाम चालतो. 'होय म्हणून मत द्या' छापायचं असेल तर ते नागरिकांच्या वेगळ्या समितीने, स्वतःच्या खर्चाने, वेगळ्या कागदावर.