जुनी 505 आणि पाकिटात नसलेले स्क्रू: हंगामभर वापरल्यानंतर

चांगल्यापैकी महाग कॅम क्लीट (दोर दातेरी जबड्यांत पकडून ठेवणारी फिटिंग) घेतला की पाकिटात क्लीट असतो, चकचकीत माहितीपत्रक असतं, कधीकधी कंपनीचा स्टिकरही असतो. स्क्रू मात्र नसतात. प्रत्येक बोटीच्या डेकची जाडी वेगळी म्हणून देत नाही, असं कंपन्या म्हणतात आणि ते पटण्यासारखं आहे. पण मग कोणत्या डोक्याचा स्क्रू चालेल आणि कोणता चालणार नाही, एवढं तरी ठळक छापा ना! या हंगामात माझ्या शिडाच्या बोटीवर जेवढं काम निघालं त्यातलं निम्मं या एका गोष्टीपायी निघालं. त्यामुळे हे लिखाण बोटीपेक्षा स्क्रूबद्दलच जास्त होणार आहे.

आधी बोटीबद्दल थोडं. माझी 505, म्हणजे दोन जणांची शर्यतीची शिडाची बोट, जुनी आहे, फोम-सँडविच हलची (हल म्हणजे बोटीचं धड), दुसऱ्याने वापरलेली. हीच घ्यायची हे पक्कं होतं, कारण हा क्लास (एकाच आराखड्याच्या बोटींचा शर्यतीचा गट) हलचा आकार, शिडांची मापं आणि 127.4 किलोचं किमान वजन घट्ट धरून ठेवतो, पण दोर कुठून न्यायचे, किती पट ओढ द्यायची, क्लीट कुठे बसवायचे, यात मालकाला मोकळीक देतो. जॉन वेस्टेलने 1950 च्या दशकात काढलेला आकार आजही चुरशीने पळतो. जुना हल घेऊन घरच्या घरी त्यावर नवी मांडणी करता येते, हे त्यामागचं मोठं कारण आहे असं मला वाटतं. ज्यांना ड्रिल आणि कानस हातात धरायला आवडतं, त्यांच्यासाठी यासारखी बोट नाही. जिथे फिटिंग इकडची तिकडे करण्याआधी नियमावली उघडावी लागते, अशा क्लासमध्ये माझा जीव रमला नसता.

आता तो क्लीट. जिबच्या (पुढच्या शिडाच्या) दोन्ही क्लीटचे दात झिजले होते, दोर सरकायचा. नवे घेतले, बॉल बेअरिंगवाले. स्क्रू कुठले लावायचे विचारल्यावर दुकानदाराने स्वतः निवडून पाकिटात घालून दिले आणि बिलावर लावले. ते शंकूच्या आकाराच्या डोक्याचे होते. क्लीटच्या बुडातली खोबण मात्र सपाट बुडाच्या डोक्यासाठी केलेली. अशा खोबणीत शंकू उतरला की तो पाचरीचं काम करतो: जितका आवळाल तितकं प्लास्टिक बाहेरच्या बाजूला फाकत जातं. भोकापासून कडेपर्यंत केसाएवढी चीर पडली, ती वाढत गेली आणि जोराच्या वाऱ्यात क्रू (बोटीवरचा दुसरा गडी) ट्रॅपीझवर, म्हणजे तारेला लटकून बोटीबाहेर, असताना क्लीट उचकटून दोराबरोबर हवेत गेला. क्रूला लागलं नाही, हे नशीब.

विक्रेत्याचं उत्तर: "तुम्ही स्वतःच बसवलंत ना? मग वॉरंटीत येत नाही." स्क्रू तुम्हीच दिलेत, बिलावर आहेत, म्हटल्यावर, "स्क्रू कंपनीचे नाहीत." कंपनी स्क्रू देत नाही आणि दुकानाने दिले तर ते कंपनीचे नाहीत, मग गिऱ्हाइकाने करायचं काय? क्लीट हवेत लटकवायचा? मी फोटो पाठवले, चिरेची दिशा दाखवली, सपाट बुडाच्या डोक्याचा स्क्रू शेजारी ठेवून फरक दाखवला. आजवर उत्तर नाही. पैशांपेक्षा मला याचा राग जास्त आहे की समोरच्या माणसाने फोटो नीट पाहिलेच नाहीत.

क्लीट निघालेल्या जागी डेकमध्ये चार भोकं उरली. त्यातल्या एकात अ‍ॅलन की घालून फिरवली तर टोकाला ओला, तपकिरी, चुरगळलेला फोम लागून आला. म्हणजे इथे पाणी कितीतरी आधीपासून मुरत होतं. मग नाण्याने डेक वाजवत गेलो. कोरड्या भागात टणक आवाज, क्लीटभोवती तळव्याएवढ्या जागेत बद्द. सँडविच डेक म्हणजे वर-खाली फायबरची पातळ पाठ आणि मधे हलका गाभा. बोल्ट आवळला की गाभा दबतो, भोकाच्या कडेने फट पडते, पाणी आत जातं आणि पुन्हा बाहेर येत नाही. किमान वजन गाठण्यासाठी लोक एकेक फिटिंग हलकं शोधतात आणि गाभ्यात साठलेलं पाणी फुकटात वाहत फिरतात.

दुरुस्ती अवघड नाही, पण घाईची नाही. वरच्या पाठीतलं भोक थोडं मोठं केलं. वाकवलेली जुनी अ‍ॅलन की त्यात घालून दोन्ही पाठींमधला सडका फोम भोकाच्या चहूबाजूंनी बोटभर आतपर्यंत खरवडून काढला. मग वाळू दिलं. दिवा लावून, पंखा लावून, जितके दिवस लागतील तितके दिवस. ओल्या फोमवर इपॉक्सी ओतणं म्हणजे पाणी आत कायमचं कोंडणं. खालून चिकटपट्टी लावली, आधी पातळ इपॉक्सीने आतल्या कडा भिजवल्या, मग त्याच इपॉक्सीत कोलॉइडल सिलिका मिसळून लोण्यासारखा घट्ट झालेला लगदा सिरिंजने भरला. मी वापरलेल्या वेस्ट सिस्टमच्या इपॉक्सीत राळ आणि हार्डनरचं प्रमाण 5:1 आहे, ते डोळ्यांनी मोजायचं नाही. मोठ्या भांड्यात एकदम जास्त कालवलं तर तापतं, धूर निघतो. थोडं थोडं करा. घट्ट झाल्यावर वर मेणासारखा थर येतो. तो आधी साध्या पाण्याने धुऊन काढायचा आणि मगच पॉलिश पेपर लावायचा, नाहीतर तोच थर घासून आत जातो.

मग त्या भरीव इपॉक्सीतून नवं भोक. आता बोल्ट कितीही आवळा, गाभा दबणार नाही आणि पाणी शिरलंच तरी त्याला फोम भेटणार नाही. भोकाच्या तोंडाशी हलकी उतरण काढली की सीलंट तिथे कड्यासारखं बसतं. ही उतरण बहुतेक जण काढत नाहीत, सपाट डेकवर सीलंट फासून बोल्ट पिळतात आणि सगळं सीलंट कडेने बाहेर येतं.

सीलंटवरून लोक हमरीतुमरीवर येतात. माझं मत स्पष्ट आहे. 3एम 5200 सारखं पॉलियुरेथेन फक्त अशा जागी, जिथे ते फिटिंग पुन्हा काढायचंच नाही. क्लीट, कप्प्या, आयस्ट्रॅप (दोर ओवायची धातूची पट्टी) या सगळ्या गोष्टी आज ना उद्या निघणारच. त्यांच्याखाली ब्युटिल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी). भार बोल्टने आणि खालच्या मोठ्या वॉशरने घ्यायचा, टेपने फक्त पाणी अडवायचं. आवळून एक दिवस थांबा, पुन्हा थोडं आवळा, बाहेर आलेलं कापून टाका. सिलिकॉन नकोच. ते निघून गेल्यावरही मागे असा थर ठेवतं की त्यावर पुढे ना रंग धरतो ना इपॉक्सी.

आणि पुन्हा स्क्रू. बोल्टच्या डोक्यावर ए2 की ए4 छापलंय ते बघून घ्या. ए4 म्हणजे 316 च्या जातीचं स्टील, खाऱ्या पाण्यात तेच टिकतं. ए2 वर काही आठवड्यांत तपकिरी ओघळ दिसतात. चुंबक लावून हे दोन ओळखता येत नाहीत, दुकानात कोणी चुंबक लावून पटवायला लागलं तर पुढे चला. शिवाय स्टेनलेसला गंजापासून वाचवणारा थर टिकायला हवेतला प्राणवायू लागतो, त्यामुळे ओल्या, बंद फटीत चांगलं स्टीलही खड्डे पडून खाल्लं जातं. वरून चमकणारा बोल्ट डेकच्या आत निम्मा झालेला असू शकतो. माझ्या बोटीवरचे दोन तसेच निघाले. नायलॉकचा (आत नायलॉनची कडी असलेला) नट पॉवर ड्रिलने पिळू नका. स्टेनलेसवर स्टेनलेस जोरात फिरलं की आटे एकमेकांत जाम होतात आणि मग हॅकसॉशिवाय सुटका नाही. थेंबभर वंगण आणि हाताने पाना.

क्लीटच्या कोनाबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून तेही. कॅम क्लीटमधला दोर वर उचलला की सुटतो. क्रू ट्रॅपीझवर बाहेर गेला की त्याचा हात क्लीटपेक्षा बराच उंच आणि लांब असतो, म्हणजे दोर सतत सुटण्याच्याच दिशेने ओढला जातो. सपाट डेकवर सपाट लावलेला क्लीट अशा वेळी धरतच नाही. खाली पाचर देऊन क्लीटचं तोंड क्रूच्या हाताकडे वळवावं लागतं. मी जाड ग्लास-इपॉक्सी पाटीतून पाचर कापली, क्रूला ट्रॅपीझवर लटकवून कोन ठरवला आणि कानसीने घासून बसवली. घासताना मास्क हवाच, ती धूळ फुप्फुसात जाणं बरं नाही. या एका पाचरीने शर्यतीतला जितका त्रास वाचला तितका नव्या शिडानेही वाचला नसता.

नट लावायला हात पोचत नाही अशा जागा मात्र डोकं फिरवतात. बाजूच्या टाकीला (बोट तरंगती ठेवणाऱ्या हवाबंद कप्प्याला) हॅच पाडायचा सल्ला सगळे देतात. एका नटासाठी बोटीला आणखी मोठं भोक पाडायला मी तयार नव्हतो. मी त्या जागी जाड ग्लास-इपॉक्सीचा तुकडा डेकला चिकटवला, 4.2 मिमीचं भोक पाडलं आणि त्यात एम5 चे आटे काढले. हंगामभर एकही सैल झालेला नाही.

इथपर्यंतचं काही आठवड्यांपूर्वी लिहून ठेवलं होतं. तेव्हा त्यात एक वाक्य होतं की दोर सरकवायच्या त्या अ‍ॅल्युमिनियमच्या गुळगुळीत रिंगा म्हणजे कप्पीचे पैसे वाचवायची सोय, यापलीकडे काही नाही. आता ते वाक्य काढून टाकलंय. 505 मध्ये वारा वाढेल तशी डोलकाठी चालत्या बोटीत मागे झुकवायची असते, त्यामुळे श्राउडचा (डोलकाठीला बाजूने धरणाऱ्या तारेचा) ताण सतत कमी-जास्त करावा लागतो. त्यासाठी दुप्पट ओढीचे चार टप्पे एकापुढे एक लावले की 16:1 होतं. श्राउड 5 सेंमी हलवायला 80 सेंमी दोर ओढायचा. पहिल्या टप्प्यात भार प्रचंड आणि हालचाल जेमतेम, शेवटच्या टप्प्यात त्याच्या उलट. बॉल बेअरिंगची कप्पी पहिल्या टप्प्यात लावली की ती त्याच जागी तासन् तास दाबली जाते, प्लास्टिकच्या गोळ्या चपट्या होतात आणि नंतर ती अडकत फिरते. रिंगेत चपटं होण्यासारखं काही नाहीच. म्हणून पहिल्या दोन टप्प्यांत रिंगा, पुढच्या दोनात बेअरिंगच्या कप्प्या, अशी मांडणी केली. ताण आता बसल्या जागेवरून एका हाताने बदलतो. शीटला (शीड आत-बाहेर करायच्या दोराला) मात्र रिंग लावायच्या भानगडीत पडू नका. तिथे दोर लांब आणि सारखा धावतो, घर्षण लगेच जाणवतं.

रिंगांसोबत डायनीमा (अतिशय मजबूत कृत्रिम धाग्याचा दोर) आलंच. शॅकल (पिनेने बंद होणाऱ्या धातूच्या कड्या) काढून बहुतेक ठिकाणी मी डायनीमाचे फास लावलेत: हलके, स्वस्त, आणि पिन हरवायची भीती नाही. गाठ मारू नका, स्प्लाइस करा, म्हणजे टोक दोराच्याच पोटात ओवा. दोर इतका निसरडा की साधी गाठ सरकते, आणि धरली तरी गाठीपाशी ताकद निम्म्याच्या आसपास येते. आत खुपसलेलं शेपूट व्यासाच्या 72 पट, म्हणजे 4 मिमीच्या दोराला जवळपास 29 सेंमी, टोकाकडे निमुळतं केलेलं आणि वरून दोऱ्याने टाचलेलं. सतत ताणाखाली डायनीमा हळूहळू लांबतं, त्यामुळे खुणा महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तपासा. धातूची धार लागली तर ते बघता बघता कापलं जातं, म्हणून ज्या आयस्ट्रॅपमधून जातं त्याच्या आतल्या कडा कानसीने गोल केल्याच पाहिजेत.

डोलकाठी अ‍ॅल्युमिनियमची आहे. तिच्यावरच्या स्टेनलेसच्या फिटिंग्जखाली पांढरी पूड साठलेली होती, म्हणजे खाऱ्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियम झिजायला लागलेलं. सगळी काढली, साफ केली, मधे टेफ-जेल (दोन धातू वेगळे ठेवणारा लेप) लावून परत बसवली, जिथे रिव्हेट होते तिथे मोनेलचे (निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचे) घातले. बेलरबद्दल (बोटीतलं पाणी बाहेर काढणाऱ्या झडपेबद्दल) लिहिण्यासारखं काही नाही: गॅस्केट बदललं, गळती थांबली.

टाक्या तपासायची सोपी पद्धत: बुचाच्या जागी नळी घट्ट बसवून तोंडाने हलकेच फुंकायचं आणि प्रत्येक फिटिंगभोवती साबणाचं पाणी लावायचं. कॉम्प्रेसर अजिबात नाही, डेकचा जोड उघडेल. पूर्वी दोन फिटिंग्जपाशी फेस यायचा. दुरुस्तीनंतर नव्या क्लीटच्या चारही बोल्टभोवती पाणी तसंच राहिलं, एक बुडबुडा नाही. उजव्या ट्रॅपीझच्या कप्पीखाली मात्र अजून बारीक फेस येतो आणि तिथे नाणं बद्द वाजतं. पुढच्या हंगामाआधी ती जागा उघडायची आहे. बोल्ट या वेळी मीच निवडलेत: ए4, सपाट बुडाचे, लांबी डेकची जाडी मोजून. विक्रेत्याचं उत्तर आलंच तर तेही लिहीन.