एफएमसीजी कंपनीतली समर इंटर्नशिप: मार्केटला पाच स्टार, ऑफिसला दोन

ज्युनियर्सचे मेसेज यायला लागलेत की ताई तुझी समर कशी झाली, आम्ही अप्लाय करू का, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून टाकते. कंपनीचं नाव घेत नाही. शाम्पू, केसांचं तेल, साबण असलं रोजच्या वापराचं सगळं (यालाच एफएमसीजी म्हणतात) विकणारी मोठी कंपनी आहे, हेड ऑफिस मुंबईत. मी पुण्यात एमबीए करतेय, पहिलं वर्ष संपल्यावर २०२५ च्या एप्रिल-मेमध्ये तिथे होते, सेल्स आणि मार्केटिंगमध्ये.

आधी चांगलं सांगते कारण ते खरंच खूप चांगलं आहे. ही कंपनी इंटर्नला पहिल्या दिवशी एसी मीटिंग रूममध्ये बसवत नाही, थेट बाजारात पाठवते. मला कोल्हापूर मिळालं. महालक्ष्मी एक्सप्रेसने सकाळी उतरायचं, डिस्ट्रिब्युटरच्या (कंपनीचा माल घेऊन दुकानांना विकणाऱ्या व्यापाऱ्याच्या) गोडाऊनला जायचं आणि सेल्समनबरोबर बीटवर निघायचं, म्हणजे त्याची त्या दिवशीची जी ठरलेली दुकानं असतात ती सगळी त्याच्या मागे फिरायची. आज लक्ष्मीपुरी, उद्या राजारामपुरी, मग कागलच्या बाजूची गावं. मे महिन्याचं ऊन आणि संध्याकाळी कधीतरी वळीव, पण मला त्याचं काही वाटलं नाही कारण वर्गात वर्षभर डिस्ट्रिब्युशन डिस्ट्रिब्युशन म्हणून जे शिकलो ते काय असतं ते तिथे दिसलं.

ज्या सेल्समनबरोबर मी होते त्यांना मी मामा म्हणायचे, ते मला मॅडम. अंगात कंपनीचा टी-शर्ट, हातात कंपनीचं ऑर्डरचं अ‍ॅप, पण पगार डिस्ट्रिब्युटरकडून. म्हणजे कंपनीचं तोंड म्हणून रोज दुकानात जो उभा राहतो तो कंपनीचा नोकर नाहीच. हे बऱ्याच कंपन्यांमध्ये असंच असतं, पण आमच्यातल्या निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. मामांना प्रत्येक दुकानदाराची उधारी तोंडपाठ, कोण सोमवारी पैसे देत नाही, कोणाच्या घरी लग्न आहे म्हणून या महिन्यात ऑर्डर कमी येणार, कोण होलसेलवाल्याकडनं स्वस्तात उचलतो, सगळं. दुपारी एकनंतर दुकानं बंद, लोक जेवून आडवे होतात, त्यामुळे सकाळीच जास्तीत जास्त दुकानं उरकायची हे अ‍ॅपमधल्या रूट प्लॅनला कळत नाही, मामांना कळतं. माझ्यासाठी इंटर्नशिपमधला सगळ्यात चांगला शिक्षक हा माणूस होता आणि हे मी कंपनीच्या फीडबॅक फॉर्ममध्ये पण लिहिलंय.

आता एक दुकान सांगते. कागलच्या पुढे एक गाव, रस्त्याला लागून किराणा, गल्ल्यावर एक आजी. हेड ऑफिसचा आग्रह असा की शाम्पूच्या पुड्यांच्या माळा दुकानाच्या अगदी दर्शनी भागात लटकल्या पाहिजेत, त्यासाठी कंपनी हँगर देते आणि सेल्समनला त्याचा फोटो काढून अपलोड करावा लागतो. तर आजींचं दुकान पश्चिमेला तोंड करून, दुपारनंतर ऊन थेट त्या हँगरवर. आजींनी माळ हातात धरून मला दाखवली, बाहेरच्या बाजूचा जांभळा रंग उडून राखाडी झालेला, आतल्या बाजूला तीच पुडी नवीकोरी. म्हणाल्या, "पुडी फिक्की पडली की गिऱ्हाईक म्हणतंय जुनं हाय, नको. मग काय मी घरातच वापरू व्हय सगळं?" आणि हा माल परत जात नाही, कारण एक्सपायरी झालेली नाही, फुटलेला नाही, क्लेममध्ये "रंग उडाला" असा कॉलमच नाही. मामांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की फोटो काढला की आजी हँगर आत घेतात आणि ते पण काही बोलत नाहीत. मी मग पुढच्या प्रत्येक दुकानात हे विचारायला लागले आणि पश्चिमेला तोंड असलेल्या बहुतेक दुकानांत हीच गोष्ट.

याच्यावरून मला जे कळलं ते लिहिण्यासाठीच खरं तर हा रिव्ह्यू आहे. दुकानदाराने सेल्समनला सांगून उपयोग नाही कारण त्याला आजचं टार्गेट आहे, सेल्समन एरिया मॅनेजरला सांगत नाही कारण त्याला महिन्याचं टार्गेट आहे, आणि तो वर सांगत नाही कारण वरच्यांना तिमाहीचं आहे. या सगळ्या साखळीत इंटर्न एकटीच अशी असते जिच्या डोक्यावर विक्रीचं टार्गेट नाही. म्हणून लोक तिच्याशी मोकळं बोलतात. डिस्ट्रिब्युटर शेठनी मला चहा पाजून महिनाअखेरचा प्रकार समजावला, कंपनीने त्यांना विकला तो प्रायमरी सेल, त्यांनी दुकानांना विकला तो सेकंडरी, आणि तीस तारीख जवळ आली की प्रायमरीचा आकडा गाठायला गोडाऊनमध्ये माल ढकलला जातो, मग तो खपो न खपो, पैसे मात्र त्यांचे अडकतात. एरिया मॅनेजरसमोर ते असं कधीच बोलले नसते.

आणि आता ऑफिस. मुंबईत परत आल्यावर लॅपटॉप मिळायलाच आठवडा गेला, सेल्स डेटाचा अ‍ॅक्सेस त्याहून उशिरा, आणि अर्ध्यात प्रोजेक्टचा विषय बदलला. प्रोजेक्टसाठी कंपनीने दिलेले गाईड माणूस म्हणून चांगले, चिडले वगैरे कधी नाहीत, पण त्यांना वेळच नव्हता, दहा मिनिटांचा कॉल पण तीनदा पुढे जायचा. यातलं सगळं मी समजून घेऊ शकते. एक गोष्ट मात्र मला अजून खटकते. फायनल प्रेझेंटेशनच्या आधी त्यांनी उन्हाने रंग उडणाऱ्या पुड्यांची आणि महिनाअखेरच्या मालाची अशा दोन्ही स्लाइड काढायला लावल्या, आपल्या स्कोपमध्ये नाही म्हणून. राहिले ते ग्राफ, जे त्यांच्या टीमला माझ्याशिवाय पण करता आले असते. अरे पण तुम्ही माझ्या प्रवासाचे, राहण्याचे पैसे भरून मला त्या गावात कशासाठी पाठवलं मग? जे तुमच्यापर्यंत एरवी पोचतच नाही ते आणण्यासाठीच ना? पाठवायचं आणि मग ऐकायचं नाही, याचे स्टार मी कापलेत आणि ते योग्यच कापलेत असं मला वाटतं.

आपली इंटर्नशिप संपल्यावर २२ सप्टेंबर २०२५ ला शाम्पू, तेल, साबण यांच्यावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला ना, तेव्हा सगळे बाटलीची किंमत किती उतरणार यावर बोलत होते आणि माझ्या डोळ्यासमोर त्या माळा. टॅक्ससकट दोन रुपयांची पुडी हिशोबाने साधारण १ रुपया ७८ पैशांना यायला हवी, पण आजींच्या गल्ल्यात २२ पैसे कुठून येणार, म्हणून किंमत तीच ठेवून आत शाम्पू थोडा वाढवायचा हाच मार्ग. मार्केटमध्ये फिरले नसते तर हे मला कधी सुचलंच नसतं, मी पण बाटलीचाच विचार केला असता.

पैशांचं: स्टायपेंड वेळेवर, तक्रार नाही. प्रवासाची बिलं मात्र उशिरा पास होतात, एसटीचं तिकीट, रिक्षा, लॉज, सगळ्याचे त्याच दिवशी फोटो काढून ठेवा. काहीजण पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत आणि यात गोंधळ करतात, ती पूर्ण वेगळी आहे, २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हा ती १२ महिन्यांची होती आणि फुलटाइम शिकणाऱ्यांसाठी नव्हतीच. पीपीओ, म्हणजे इंटर्नशिपवरून मिळणारी नोकरीची ऑफर, आमच्या बॅचमध्ये थोड्यांना मिळाला, मला नाही, आणि त्याचा या रिव्ह्यूशी संबंध नाही, वरचं सगळं मी रिझल्टच्या आधीच फीडबॅकमध्ये लिहून दिलं होतं.

अप्लाय करायचं का? सेल्स आवडत असेल तर नक्की करा. फक्त इंटरव्ह्यूमध्ये शेवटी काही विचारायचंय का म्हणतात तेव्हा दोन गोष्टी विचारा: मार्केटमध्ये किती दिवस पाठवणार, आणि तिथलं निरीक्षण ऐकायला शेवटी कोण बसणार, गाईड एकटाच की त्याच्या वरचं पण कोणी. दुसऱ्याचं उत्तर गोलमोल आलं तर प्रेझेंटेशनच्या भरवशावर राहू नका, दर आठवड्याला गाईडला मेल टाका आणि एरिया मॅनेजरला सीसी करा, दुकानाचं तोंड कुठे, माळ कुठे, दुकानदार काय म्हणाला, अगदी साध्या भाषेत. आणि बीटवर जाताना गोडाऊनला नऊच्या आत पोचा, गाडी भरताना डिस्ट्रिब्युटरची माणसं आपसात जे बोलतात त्यातच निम्मा प्रोजेक्ट मिळतो.