फॉर्मा अ‍ॅडव्हेंचर बूट: पावसाळी टूरिंगसाठी घ्यावेत का?

घ्यावेत. फॉर्मा ही बाईकचे बूट बनवणारी कंपनी, तिचे हे बूट पाय रुंद असेल आणि बाईकवरून उतरल्यावर भरपूर चालायची सवय असेल तर नक्की घ्यावेत.

मी पुण्यात राहतो, पाऊस सुरू झाला की ताम्हिणी, वरंधा, आंबोली नाहीतर खाली कोकणात कुठेतरी चक्कर असतेच, त्यामुळे पाय कोरडे राहणं ही पहिली अट आणि दिवसभर घालून पाय न दुखणं ही दुसरी, आणि खरं सांगायचं तर वापरत गेलं की दुसरी अटच मोठी वाटायला लागते. कारण टूरिंग म्हणजे नुसतं बाईकवर बसणं नाही ना. पार्किंगपासून सज्जनगडाच्या पायऱ्या चढायच्या असतात, शेवाळलेल्या फरशीवर चहा घेऊन उभं राहायचं असतं. इथे हे बूट मस्त वाटतात. घोट्याला घट्ट धरतात पण चालताना पाऊल नीट वळतं, आणि सोल ओल्या दगडावर पकड सोडत नाही. मोटोक्रॉसच्या, म्हणजे मातीतल्या बाईक शर्यतीच्या, बुटांएवढं कडक संरक्षण मात्र यात नाही, ज्याला पूर्ण ऑफरोड करायचंय त्याने तिकडेच बघावं.

बूट ऑइल्ड लेदरचा (तेल मुरवलेलं चामडं), दोन बकल आणि वर वेल्क्रोचा पट्टा. बकलचं महत्त्व आपल्याकडे जास्त, कारण गणपतीपुळे म्हणा, पावस म्हणा, दर थांब्याला देवळाबाहेर बूट काढावेच लागतात. लेसवाले बूट असले की ओल्या गाठी सोडवण्यातच वेळ जातो. बकल एकदा पायाच्या मापाला सेट केलं की मग खटाखट उघडतं, पाऊस पडत असला तरी.

आता वॉटरप्रूफचं बघू, कारण यात लोकांची फार गल्लत होते. पाणी अडवायचं मुख्य काम चामडं करत नाही, ते आतलं मेंब्रेन म्हणजे पातळ पापुद्रा करतो, मोज्यासारखं बुटाच्या आत बसवलेलं असतं. फॉर्माचं ड्रायटेक्स, अल्पाइनस्टार्सचं ड्रायस्टार, टीसीएक्सचं टी-ड्राय, शिवाय सगळ्यांना माहीत असलेलं गोरटेक्स, ही सगळी अशाच मेंब्रेनची नावं, काम एकच, बाहेरचं पाणी अडवायचं आणि आतली वाफ बाहेर सोडायची. त्यामुळे दोन तास धो धो पावसात चामडं काळं पडून बूट जड लागला तरी आत पाणी गेलं असं समजू नका, बूट काढून पायातला मोजा चाचपून बघा.

आणि पाणी जातं ना, ते बहुतेक वेळा वरून जातं! रेनपँट बुटात खोचली की पँटवरून ओघळलेलं सगळं पाणी थेट पायात, आणि मग तेच मेंब्रेन ते पाणी आत धरून ठेवतं. रेनपँट बुटाच्या बाहेरूनच हवी, खाली चेन असलेली, कारण बुटाचा वरचा भाग रुंद असल्याने साधी पँट यावरून सरकत नाही. बूट कुठलाही घ्या, दुकानात पुढची जीभ बाजूने कुठपर्यंत शिवलीय ते बोट घालून बघा. शिवण जिथे संपते तिथपर्यंतच बूट वॉटरप्रूफ, त्याच्या वर पाणी आलं की आत.

दुकानात जायचं ते संध्याकाळी, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात, आणि जे मोजे राइडला घालता तेच घालून. आणि शक्य असेल तर स्वतःच्या बाईकवर बसून बघा. बुटाचा पुढचा भाग गिअर लिव्हरखाली सहज जातो का, मागचा ब्रेक अंदाजाने लागतो का. जाड बूट घातल्यावर बऱ्याचदा लिव्हर थोडा वर घ्यावा लागतो, मेकॅनिक पाच मिनिटांत करून देतो. आतल्या लेबलवर मोटरसायकलवाल्याचं चित्र आणि ईएन १३६३४ (बाईकच्या बुटांचं युरोपियन सुरक्षा मानक) लिहिलंय का ते पाहा, खाली १ किंवा २ असे चार आकडे असतात: उंची, घासण्याला टिकाव, कापलं जाण्याला टिकाव आणि आडव्या दाबाला टिकाव. २ म्हणजे जास्त चांगलं. तिथे डब्ल्यूआर असेल तर पाण्याची टेस्टही पास. गमबूट घालून घाटात जाणारे खूप दिसतात, पाय कोरडे राहतात हे खरं, पण बाईक पायावर पडली तर घोट्याला काहीच आधार नाही, मला ते बघवत नाही.

मे महिन्यात कोकणात हे बूट गरम होतात, कुठलेही मेंब्रेनवाले होतात. उन्हाळ्यातच जास्त फिरणार असाल तर जाळीवाले घ्या आणि पावसासाठी वॉटरप्रूफ मोजे ठेवा, तेही चालतं.

आत भिजलेच तर इनसोल काढून वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला, रात्रभर फॅनखाली ठेवा. चुलीजवळ किंवा हेअर ड्रायरने अजिबात नको, चामडं तडकतं आणि सोलचा गोंद सुटतो. कोकणातला लाल चिखल शिवणीत वाळू देऊ नका, ओल्या फडक्याने तेव्हाच पुसा. पावसाळाभर कपाटात बंद ठेवले तर बुरशी धरतेच, म्हणून मी उघड्यावर ठेवतो आणि दसऱ्याला बाईक धुतो तेव्हा बूटही पुसून लेदर वॅक्स लावून ठेवतो.