पिलाटेसचा घरगुती सेट: मॅट कामाची, बँड उन्हाळ्यापुरताही नाही

पिलाटेस म्हणजे श्वासाच्या तालावर सावकाश करायचे, पोट-पाठीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम. ऑनलाइन मिळणाऱ्या या सेटमध्ये त्यासाठी तीन वस्तू येतात: १० मिलिमीटर जाड एनबीआर (कृत्रिम रबर) फोमची मॅट, २३ सेंटिमीटरचा मऊ बॉल आणि रबरी लूप बँड. जवळपास क्लास नसलेल्या तालुक्याच्या गावात सुरुवात करायला एवढं पुरतं, आणि ते मॅटच्या भरवशावर.

रिफॉर्मर नावाच्या स्प्रिंगांच्या यंत्राचे फोटो पाहून बिचकू नका. जर्मनीत १८८३ मध्ये जन्मलेल्या जोसेफ पिलाटेसला लहानपणी दमा आणि मुडदूस होता. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी त्याला आइल ऑफ मॅनच्या छावणीत डांबलं, तिथे त्याची पद्धत आकाराला आली. पुढे न्यूयॉर्कला त्याने स्टुडिओ काढला. १९४५ च्या पुस्तकात त्याने दिलेले ३४ व्यायाम जमिनीवरचेच आहेत.

म्हणून पैसा मॅटवर घाला. शहाबादी फरशीवर योगाची ४ मिलिमीटरची मॅट टाकून पाठीवर गोल लोळलं की मणका न् मणका टोचतो. सतरंजीची घडी सरकते. १५ मिलिमीटरची मॅट इतकी दबते की कुशीवर तोल राहत नाही. १० बरोबर. फक्त हा फोम नाजूक असतो: जोडव्यांनी चिरतो, त्यामुळे पायाकडच्या बाजूला सुती कापड अंथरा. खाटेच्या पायाखाली आली तर खळगा कायमचा. नवीन मॅटचा वास सावलीत वाऱ्यावर घालवा, अंगणात उन्हात नाही. उन्हाने ती कडक होऊन तुकडे पडतात.

बँड टिनाच्या खोलीत टिकत नाही. मे महिन्यात पारा ४५ कडे गेला की रबर चिकट होतं, मग बारीक भेगा पडतात आणि ताणताना तो तोंडावर सुटतो. दरवेळी ताणण्याआधी उजेडात धरून बघा. बॉल चांगला आहे, पण दोनतृतीयांशच फुगवा. टम्म फुगवला तर गुडघ्यांमधून निसटतो.

सोबतचं पत्रक थेट रोल-अपपासून (पाठीवर झोपून मणका गोल करत सावकाश उठून बसणं) सुरू होतं, ही मोठी चूक. नवखा माणूस झटका देऊन उठतो आणि कंबर धरते. आधी ‘हंड्रेड’ घ्या: पाठीवर झोपून गुडघे काटकोनात वर, हात अंगालगत ताठ. पाच ठोक्यांत नाकाने श्वास आत, पाच ठोक्यांत बाहेर, प्रत्येक ठोक्याला हात वीतभर वरखाली. अशा दहा फेऱ्या म्हणजे शंभर. सुरुवातीला तीनच करा, डोकं खालीच ठेवून. पोट फुगून वर येत असेल किंवा कंबर मॅटवरून सुटत असेल, तर पाय खाली टेकवा.

निंदण, कापूस वेचणी, सोयाबीनची सोंगणी यांत वाकून वाकून धरलेल्या कमरेला याचा उपयोग होऊ शकतो. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात (वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा आढावा) जुनाट कंबरदुखीवर पिलाटेस काहीच न करण्यापेक्षा बरं ठरलं, इतर व्यायामांपेक्षा सरस असल्याचं मात्र ठामपणे दिसलं नाही. वजन उतरवायला घेत असाल तर घेऊ नका.

हाडं ठिसूळ झालेल्यांनी पाठ गोल करून लोळायचे प्रकार टाळायचे, पायात मुंग्या उतरत असतील किंवा दिवस गेले असतील तर आधी डॉक्टरांना विचारायचं. यातला एकही शब्द पत्रकात नाही.